तोंडात खिळे असताना

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. तोंडात खिळे असताना बोलायचं नाही, आणि भांडायचं तर मुळीच नाही.

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. घराची पुढची खोली, रस्त्याकडे उघडणारं रुंद दार, एक लांब मेज, माझं शिलाई मशीन आणि लोकांच्या, पाय वर करून पडलेल्या खुर्च्या. खुर्च्यांच्या, सोफ्यांच्या बैठका आम्ही नव्याने भरून देतो. आम्ही म्हणजे सासरे आणि मी. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळा द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे. आठ घ्यायचे, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायचा. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं, ते ओठांशी नेलं की खिळा चिकटतो आणि ठक्. नवीन गिऱ्हाईक हे बघून डोळे पांढरे करतं. मला हे शिकायला वर्ष लागलं, आणि त्यातला निम्मा काळ नुसतं तोंड बंद ठेवायला शिकण्यात गेला, असं नवरा सगळ्यांना सांगायचा.

दुसरा नियम सासऱ्यांच्या वडिलांपासून चालत आलाय. बैठकीचा शेवटचा टाका जो घालेल, त्याने बसणाऱ्यासाठी प्रार्थना करायची. दातांच्या डॉक्टरची खुर्ची आली तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "प्रभू, इथे बसेल त्याला फार घाबरू देऊ नकोस." न्हाव्याच्या खुर्चीला म्हणाले, "बसणाऱ्याचे दोन्ही कान जागच्या जागी राहू देत." बाबा हे थट्टेने करत नाहीत, अगदी मनापासून करतात. हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो, वाकडी सुई कातड्यातून ओढता येत नाही. त्यामुळे शेवटचा टाका माझ्याकडे आला आणि त्याच्या मागोमाग प्रार्थनाही आली. ती मी उरकून टाकायचे. "प्रभू, याचं भलं कर, आमेन," की लगेच पुढची खुर्ची.

देवाशी माझं तेवढंच, कामापुरतं बोलणं उरलं होतं. नवरा तुरुंगात होता.

तो एका गोदामात माल चढवायच्या लिफ्टची देखभाल करायचा. लिफ्टचा दोर झिजलाय, बदला, असं त्याने मालकाला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मालक म्हणायचा, बघू. मग एक दिवस दोर तुटला, लिफ्ट कोसळली आणि खाली उभा असलेला एक कामगार जागच्या जागी गेला. मालकाने हात झटकले. मला कुणी काही सांगितलंच नाही, म्हणाला, देखभाल याचीच होती. नवऱ्याला धरून नेलं तेव्हा आमची लेक रांगत होती. आता ती तोंडाला तोंड देते, आईवर गेलीये म्हणतात, आणि बाप म्हणजे जाळीपलीकडून बोटं हलवणारा माणूस एवढंच तिला ठाऊक होतं.

नवऱ्याचं आणि मालकाचं बोलणं एका हमालाने कानांनी ऐकलं होतं. तो साक्षीला तयारही होता. पण घोडं अडलं होतं ते न्यायाधीशांच्या पाठीशी. त्यांना पाठदुखी होती. अर्धा-पाऊण तास बसले की चेहरा वेडावाकडा व्हायचा, आमचं प्रकरण पुकारायच्या आत ते उठायचे आणि पुढची तारीख पडायची. हमाल बिचारा मजुरी बुडवून यायचा आणि तसाच परत जायचा. वकीलबाई म्हणायच्या, धीर धरा. पाळक म्हणायचे, धीर धरा. धीर हा शब्द कुणी उच्चारला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

रोज जेवायच्या आधी बाबा डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, तुला दिसतंय." एवढंच. एकदा मी न राहवून विचारलं, "दिसतंय, तर हाताची घडी घालून का बसलाय?" बाबा रागावले नाहीत. "विचार की त्यालाच. त्याला चालतं," म्हणाले. मी विचारलं नाही. रुसलेल्या माणसाने आपण होऊन पहिला शब्द कशाला काढायचा?

कारखान्याच्या कोपऱ्यात नवऱ्याची खुर्ची पडून होती. मागच्या दोन पायांवर झुलून झुलून त्यानेच ती मोडली होती. बाबांनी सांगाडा जोडला, पट्टे ताणून बसवले आणि तिथेच थांबले. ती उघडी पोकळ बैठक येता-जाता डोळ्यांत खुपायची. मी तिच्यावर चादर टाकायचे आणि बाबा ती परत काढून ठेवायचे.

आणि एका सोमवारी कोर्टाचा कारकून हातगाडीवर एक उंच पाठीची खुर्ची घेऊन दारात उभा राहिला. "काका, साहेबांची खुर्ची आहे. गुरुवारच्या आत पाहिजे."

मी मशीनवरून उठलेच. बाबांनी मला नजरेने खाली बसवलं आणि कारकुनाला सरळ सांगितलं, "माझा मुलगा याच साहेबांपुढे उभा आहे. गुरुवारी त्याचीच तारीख आहे. तरी देताय का आमच्याकडे?"

कारकुनाने डोकं खाजवलं. "अहो, हे काम करणारं दुसरं आहे कोण इथे? आणि खुर्ची नसेल तर गुरुवारचं सगळं काम पुढे ढकला, असं साहेबांनीच सांगितलंय." तो गेला.

"बाबा," मी म्हटलं, "एक खिळा. एकच. टोक वर करून. तुम्ही फक्त तिकडे तोंड फिरवा."

"आधी उघडून तर बघू," बाबा म्हणाले.

उघडली. मधली स्प्रिंग मोडून आडवी पडली होती आणि आधी कुणीतरी तिच्यावर जुन्या घोंगडीचे तुकडे कोंबून वर झकास कातडं चढवलं होतं. बाबांनी ती स्प्रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "बिचारा! मोडक्या स्प्रिंगवर बसून हा माणूस लोकांचे निकाल लावतोय."

"लावतोय कुठे? पुढे ढकलतोय."

"मग? याच्यावर तूही ढकलले असतेस."

बाबांनी नेहमीसारखंच काम केलं. कमी नाही आणि जास्तही नाही. मी जरा चांगल्यातला काथ्या काढायला गेले तर म्हणाले, "सगळ्यांना घालतो तोच घाल. आपण लाच द्यायला बसलो नाही."

बुधवारी दुपारी मी आतलं कापड ठोकत होते. तोंडात आठ खिळे होते. तेवढ्यात कारकून डोकावला. "झाली का? उद्या सकाळी न्यायला येतो. आणि वहिनी, जपून करा हं! राहिली तर तुमचीच तारीख जाईल." आणि हसला.

माणूस वाईट नव्हता, पण त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही झाली. दोन वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "हसताय काय? तुमच्या घरचं कुणी आहे का आत?" मी ओरडले, आणि बरंच काही ओरडले. कारकून मागच्या मागे पसार झाला. बाबा नुसतं एवढंच म्हणाले, "तोंडात खिळे आहेत, पोरी."

मी उरलेले खिळे बशीत थुंकले, पाणी प्यायले, पुन्हा कामाला लागले. पुढच्या कडेला थोडा फुगवटा आला होता. तिथला मूठभर कापूस आणि काथ्या काढून उरल्यासुरल्याच्या गोणीत टाकला. कापड ठोकून संपवलं, कातडं चढवलं, वाकड्या सुईने शेवटचा टाका घातला. मग प्रार्थनेची वेळ आली. मी खुर्चीवर हात ठेवून म्हटलं, "प्रभू, याची पाठ बरी कर, म्हणजे याला सबब उरणार नाही. आमेन." बाबांनी एक भुवई वर केली.

बैठक बंद झाली की मारलेले आणि उरलेले खिळे मोजून बघायची आमच्याकडे पद्धत आहे. मोजले. एक कमी भरला. पुन्हा मोजले. एक कमीच.

जमिनीवरून लोहचुंबक फिरवलं, मेज हलवलं, लेकीच्या मुठी उघडून पाहिल्या, माझे केस, माझा पदर झटकला. खिळा नव्हता. मग दोघांचीही नजर त्या खुर्चीकडे गेली.

तुम्हाला वाटेल, एवढ्या जाड भरावात एक बारीक खिळा तो काय? उद्या टोचला नसता. परवाही नाही. पण आत राहिलेला खिळा आत राहत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. माणूस बसतो, उठतो, त्याच्या वजनाने खिळा कणाकणाने वर सरकतो आणि एक दिवस कातड्यातून डोकं काढतो. तो दिवस गुरुवार नसता, हे मात्र नक्की. आणि बैठक उघडायची म्हणजे सगळं उसवून, भराव पिंजून, पुन्हा पहिल्यापासून भरायचं. गुरुवार हातचा जाणार. हमाल शनिवारी दुसरीकडे कामाला निघून जाणार होता. त्याची शेवटची तारीख ही उद्याचीच.

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुम्ही सांगा काय करू."

"टाका तू घातलायस."

"असं कोड्यात बोलू नका! उघडली तर तो आणखी आत राहणार. माझ्या हाताने. देवाला तर घाई नाहीच, आता मीही उशीर करू?"

बाबा स्टुलावर बसले. थरथरता हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "मलाही वाटतं गं, आत्ता लागावा निकाल. माझा लेक आहे तो. मला वाटत नसेल?" त्यांचा आवाज फुटला. इतक्या दिवसांत मी तो फुटलेला ऐकला नव्हता. "पण घाईचा निकाल एकदा लागला होता. रातोरात खटला, सकाळी निकाल, दुपारी क्रूस. कुणालाही थांबायला वेळ नव्हता. आपला प्रभू त्या घाईतून गेलाय, पोरी. म्हणून त्याला उशीर होतो तेव्हा मला वाटतं, तो विसरला नसेल. तो नीट बघत असेल."

मला पटलं असं नाही. पण तो खिळा आत आहे हे माहीत असून खुर्ची गाडीवर चढवायला माझे हात तयार होईनात. मी कात्री घेतली आणि माझेच टाके कापायला लागले. कापता कापता इतकी रडले की बाबांनी दिवा जवळ आणून ठेवला, मला टाके दिसावेत म्हणून.

भराव सगळा पिंजला. मूठ मूठ करून चाचपला. स्प्रिंगांच्या तळाशी चुंबक फिरवलं. खिळा नव्हता! म्हणजे उघडली नसती तरी चाललं असतं. गुरुवार उगीचच गेला होता. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

सकाळी कारकुनाला खरं ते सांगितलं आणि कालच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. तो खुर्चीशिवायच परत गेला. वकीलबाई फोनवर एवढ्या चिडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो, तुमच्याच नवऱ्याची तारीख तुम्हीच पुढे ढकललीत?" पुढचा गुरुवार मिळाला. मी गोदामाच्या फाटकाशी जाऊन हमालाला सांगितलं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, शनिवारची गाडी आहे माझी. तिकडे जागा थांबणार नाही." मी त्याला दोष दिला नाही. घरी येऊन काम हातात घेतलं.

संध्याकाळी खुर्ची दुसऱ्यांदा भरून झाली. या वेळी मी तोंडातून ब्र काढला नव्हता. शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि हात ठेवला. आता मात्र "याचं भलं कर" म्हणून सुटता येईना. हाताखाली ते गार कातडं होतं आणि मला त्या माणसाचा वेडावाकडा झालेला चेहरा दिसायला लागला.

"प्रभू," मी म्हटलं, "हा माणूसही दमत असेल. याला नीट बसता येऊ दे. याला नीट ऐकू येऊ दे." मी कातड्यावरचा हात जरा दाबला. बाबा वाट बघत होते. "आणि याला घाई करू देऊ नकोस. मी रागावलेय तुझ्यावर, ते तुला माहीत आहे. पण तुझ्याच हाती देतेय. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावंसं वाटत नाही."

"आमेन," बाबा म्हणाले. मीही म्हटलं. रुसवा माझाच होता आणि पहिला शब्दही मलाच काढावा लागला. पण त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर बाबांनी कोपऱ्यातली खुर्ची मेजावर घेतली होती. गोणीतला उरलासुरला काथ्या, कापूस काढून ते मुलाची बैठक भरत होते.

"अहो, निकाल तरी लागू द्या," मी म्हटलं.

"निकाल लागल्यावर कोणीही भरेल," बाबा म्हणाले.

मग मीही बसले. वरचा थर त्यांनीच नीट पसरला, मी कापड ठोकलं, शेवटचा टाका घातला. प्रार्थना एवढीच सुचली, "प्रभू, याला इथे बसू दे."

गुरुवारी कोर्टात गेलो तेव्हा आमच्या बाकावर हमालाची जागा रिकामी होती. समोरच्या बाकावर त्या गेलेल्या कामगाराची बायको बसायची. दर तारखेला ती माझ्याकडे अशी बघायची की मी मान खाली घालायचे. तिचा माणूस कायमचा गेला होता. माझा निदान जाळीपलीकडे तरी होता. बाबा रोज तिच्यासाठीही प्रार्थना करायचे आणि मला तेही सोसायचं नाही. न्यायाधीश आले. खुर्चीवर बसले. जरा थबकले, पाठ टेकली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बाबांनी मला कोपराने ढोसलं.

आमचं प्रकरण पुकारलं गेलं. साक्षीदार? वकीलबाई उभ्या राहून काहीतरी कारण शोधत होत्या, तोच मागून धडधड आवाज आला. हमाल होता. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत गुंडाळलेलं अंथरूण. शिपाई त्याला पेटी बाहेर ठेवायला सांगत होता आणि तो म्हणत होता, "चोरीला गेली तर तू देशील का?" कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी त्याला पेटी आत आणू दिली.

तो शनिवारी गेलाच नव्हता. "गाडीत चढलो होतो, वहिनी," त्याने नंतर सांगितलं. "पण बसवेना. उतरलो. आता आज जातो." नवी जागा गेली ती गेलीच. तिकडे जाऊन दुसरी शोधेन म्हणाला.

न्यायाधीश दिवसभर बसले. हमालाला त्यांनी तीच गोष्ट उलटसुलट विचारली. मालकाला तर इतकं सावकाश विचारलं, की एरवी मी नखं खाल्ली असती. दुपारनंतर मालक स्वतःच्याच बोलण्यात अडकला. दोराबद्दल मला काही माहीतच नव्हतं म्हणणारा माणूस बोलता बोलता म्हणून गेला, की नवा दोर पुढच्या महिन्यात आणणार होतो. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. समोरच्या बाकावरची बाई उठली, आमच्या बाकाशी आली आणि माझ्या शेजारी बसली. मी तिचा हात धरला आणि कोर्ट उठेपर्यंत सोडला नाही.

निकाल त्याच्या पुढच्या महिन्यात लागला. नवरा निर्दोष सुटला. मालकावर आता खटला उभा राहिलाय, त्याच्याही तारखा पडतात. त्या बाईबरोबर मी दर तारखेला जाते.

नवरा घरी आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दारात उभा राहून त्याने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मेज, मशीन, लोकांच्या खुर्च्या. वाळला होता फार. लेक माझ्यामागे लपून त्याच्याकडे टकामका बघत होती. जाळीशिवाय हा माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता. बाबांनी त्याला एकदा घट्ट मिठीत घेतलं, मग डोळे पुसत त्याची खुर्ची पुढे सरकवली. "बस."

तो बसला. आणि "आई गं!" करून उडाला. उभ्या उभ्या मागे हात लावून नाचायला लागला. लेक आधी दचकली, मग खदखदून हसली, मग धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगली. "बाबाला टोचलं! बाबाला टोचलं!"

बाबांनी वाकून कापडावर बोट फिरवलं आणि थरथरत्या चिमटीत एक बारीक खिळा धरून वर काढला. गोणीतून आलेला, भरावाच्या अगदी वरच्या थरात राहिलेला. तो मूठभर भराव मीच गोणीत टाकला होता, आणि गोणी उपसून बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. बाबांनी खिळा माझ्या तळहातावर ठेवला. "घे. न्यायाधीशासाठी ठेवला होतास ना?"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. नवरा काहीच न कळून आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं, खिळ्यापासून पेटीपर्यंत, एका दमात. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे आता हीसुद्धा बैठक उसवावी लागणार," मी डोळे पुसून म्हटलं. "आणखी एखादा असला तर? तोवर तुला बसायला काही नाही."

त्याने लेकीला उचलून कडेवर घेतलं. ती त्याच्या कानाशी खेळत होती.

"सावकाश उसव," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय?"